शोकेसमधली वाईन आणि चंदीगडचा उन्हाळा

दिवाळीत मामा नाशिकहून आले, तेव्हा त्यांनी रेड वाईनची एक बाटली भेट म्हणून आणली. बाटली दिसायला छान, म्हणून आईने ती हॉलमधल्या शोकेसमध्ये उभी ठेवली. 'वाईन जितकी जुनी तितकी चांगली,' असं म्हणत आम्ही ती थेट जूनमध्ये, बाबांच्या वाढदिवसाला उघडली. बूच थोडं वर आलेलं, वास शिजवलेल्या मनुकांसारखा आणि चव आंबट. रात्री मामांचा फोन आला, तेव्हा 'मस्त होती' असं खोटंच सांगावं लागलं!

चूक वाईनची नव्हती, आमची होती. चंदीगडला मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. एवढ्या उष्णतेत वाईन मुरत नाही, ती बिघडते.

ठेवायची कुठे?

वाईनला १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान सर्वांत मानवतं. ते सतत वर-खाली झालेलं आणि थेट ऊन लागलेलं तिला चालत नाही. त्यामुळे शोकेस, गॅसजवळचं कपाट आणि फ्रिजचा माथा या तीन जागा टाळा. हिवाळ्यात आतल्या खोलीतल्या कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा पुरतो. उन्हाळ्यात मात्र सरळ फ्रिजमधला भाजीचा कप्पा गाठा. बूच असलेली बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा आत जात नाही. फिरकीचं झाकण असेल, तर उभी ठेवली तरी चालते.

आणि फार वर्षं जपून ठेवू नका. नाशिक परिसरात होणाऱ्या शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँसारख्या बहुतेक व्हाईट वाईन ताज्या असतानाच प्यायच्या असतात. वर्षानुवर्षं मुरून चांगल्या होणाऱ्या वाईन थोड्याच.

द्यायची कशी?

रेड वाईन 'रूम टेम्परेचर'ला द्यावी, असं म्हणतात. पण ही रूम युरोपातल्या जुन्या, थंड घरांमधली, आपली नव्हे!

स्पार्कलिंग : ६ ते ८ अंश
व्हाईट आणि रोझे : ८ ते १२ अंश
रेड : १४ ते १८ अंश

घरात थर्मामीटर नसला तरी अडत नाही. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली रेड वाईन देण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाईट फ्रिजमधून दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा, कारण अगदी गार वाईनला वास-चव लागत नाही. पाहुणे अचानक आले, तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत गार होते. फ्रीझरमध्ये विसरलात, तर बाटली फुटू शकते. इथल्या जानेवारीत मात्र उलटं होतं. रेडच जास्त गार लागते, तेव्हा ग्लास थोडा वेळ दोन्ही तळव्यांत धरा.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. स्पार्कलिंग मात्र दुसऱ्याच दिवशी.

अर्थात हे सगळं कायद्याने मद्यपानाचं वय पूर्ण केलेल्यांसाठी, आणि तेही बेतानेच.

मामांनी यंदा पुन्हा एक बाटली आणली आहे. ती भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीशेजारी आडवी पडली आहे. या वेळी ते परत जाण्याआधीच उघडणार आहोत, म्हणजे फोनवर खोटं बोलायला नको.