स्नॉर्कल लावून गाडी तरंगत नाही



आपल्या भागात फोर बाय फोर गाड्या वाढल्यात. वाढू द्या, पैसा ज्याचा त्याचा. पण गाडी दारात आली की पहिल्याच महिन्यात पोरं तिला सोलापूर-पुण्याला नेऊन सजवून आणतेत. पुढं लोखंडी बंपर, त्यावर विंच, टपावर लाइटचा पट्टा आणि तंबू, बाजूनं स्नॉर्कल. विचारलं तर म्हणतेत, लांबच्या प्रवासाची तयारी, लडाखला जायचंय. जा की. पण ही तयारी नाही, हा पोळ्याचा साज आहे. झूल घातल्यानं बैलाचा नांगर खोल जात नाही.

स्नॉर्कलचंच घ्या. त्याचं काम एकच, इंजिनला वरून कोरडी हवा देणं. गाडी वाहून जाण्याशी त्याचा काही संबंध नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी कार उचलतंय, दोन फूट असलं की बऱ्याच जीप-पिकअप सुद्धा. थारची कंपनीनं सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांच्या जराशी वर. वाहत्या ओढ्यात तीही धरू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा तालुक्यात पुरात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. हे बघितलेल्या जिल्ह्यात फरशीवरून पाणी जात असताना नळीच्या भरवशावर गाडी घालायची म्हणजे काय म्हणावं?

खरा पैसा टायरात घाला. आपली काळी माती टायरच्या नक्षीत लिंपून बसती, दहा पावलांत टायरचा गुळगुळीत गोळा होतोय. मग चार चाकं फिरली काय आन् दोन फिरली काय. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात शेतात हवा कमी ठेवायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तेच इथं. डांबरीवर कंपनीनं सांगितलेली हवा. चिखलात, वाळूत १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, हळू चालवा, वेग घ्यायच्या आत परत भरा. त्यासाठी बारा व्होल्टचा हवेचा पंप आणि एक चांगलं गेज पायजे. विंचच्या मानानं किंमत काहीच नाही, पण दिसत नाही ना, म्हणून कुणी घेत नाही. (ओल्या वावरात मात्र गाडी घालूच नका. दाबलेली जमीन पुढच्या पेरणीला बोलती.)

दुसरं, ओढायचं सामान. ट्रॉली जोडायच्या गोळ्याला पट्टा अडकवून फसलेली गाडी कधीच ओढू नका. झटक्यानं तो गोळा तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा येतो. ऑस्ट्रेलियात अशानं माणसं मेलेली आहेत. चासीला पक्का बसवलेला हुक, चांगला डी-शॅकल, लांब पट्टा आणि पट्ट्याच्या मधोमध एक ओलं पोतं. बघ्यांना पट्ट्याच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभं करा. फावडं आणि दोन जाड फळ्या तर घरातच असतेत.

वजनाचा हिशोब कोणीच करत नाही. लोखंडी बंपर आणि विंचनं नाक जड, टपावरच्या तंबूनं डोकं जड, वर पाण्याचे कॅन, डिझेल, चार माणसं. अशी गाडी घाटात ब्रेकला उशीर करती आणि उताराला आडवी कलली की पडती. ऊस, सोयाबीन काट्यावर नेतो की आपण? मग गाडी भरून एकदा तिथंच न्या आणि तिच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. बंपरचं तर कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असले बुल-बार लावता येत नाहीत, केंद्रानं २०१७ मध्येच राज्यांना तसं कळवलंय.

माझा राग सजावटीवर नाही. पाऊसकाळात वस्तीवरची बाळंतीण पक्क्या रस्त्यापर्यंत आणायची तर गावात चालेल अशी गाडी एखादीच असती, ती ही. तिच्यात पट्टा नाही, पंप नाही, स्टेपनीत हवा नाही, आणि चालवणाऱ्यानं फोर-लोचा दांडा घेतल्या दिवसापासून हलवलेला नाही. कोरड्या डांबरीवर फोर-हाय टाकून वळणं मात्र घेतेत! थारसारख्या गाडीत तेव्हा पुढची-मागची चाकं एकाच वेगानं बांधलेली असतेत, वळणावर सगळा ताण गिअरवर येतो. ते ओल्यासाठी, मातीसाठी आहे.

विंचवाल्यांनी एवढंच खरं सांगावं, बसवल्यापासून वायर किती वेळा उलगडली?