तंजावरच्या राजाचा पाद्री

रावपुऱ्यातील टॉवर ज्यांच्या नावाने उभा आहे, त्या महाराणी चिमणाबाई पहिल्या १८८० साली तंजावरहून बडोद्यास आल्या. त्यांच्यासोबत तिकडच्या नर्तकी आल्या आणि भरतनाट्याचे पाऊल गुजरातेत पडले, ही हकीकत आमच्या जुन्या घरांतून अजून सांगितली जाते. बडोद्याच्या वाड्यांतून नांदणारे असोत की सुरतेजवळच्या बमरोलीत घर केलेले असोत, मुलूख सोडून दूर राहिलेल्या मराठी माणसाला तंजावरविषयी एक जवळीक वाटते. परक्या भाषेच्या प्रदेशात आपलेपण कसे राखावे याचा कित्ता तंजावरकरांनी घालून दिला आहे. त्याच तंजावरच्या एका आश्रिताविषयी आज लिहावयाचे आहे. तो मराठा नव्हता, हिंदूही नव्हता. तो जर्मन होता, धर्माने ल्यूथरपंथी पाद्री. नाव क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

१७२६ साली प्रशियातील सोननबुर्ग गावी जन्म, हाले येथे शिक्षण, आणि १७५० मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगमबाडी बंदरात आगमन. त्यानंतर हा गृहस्थ मायदेशी परतला नाही आणि त्याने लग्नही केले नाही. १७६७ पासून तो एका इंग्रज धर्मसंस्थेच्या चाकरीत तिरुचिरापल्लीस राहिला. तेथील इंग्रज पलटणीचा धर्मोपदेशक म्हणून मद्रास सरकार त्याला वर्षाला शंभर पौंड देई. राहायला लहानशी खोली, जेवायला भात आणि भाजी, अंगावर काळा रंग दिलेले सुती कापड असा त्याचा थाट होता.

१७६९ मध्ये तुळजाजी राजांनी त्याला प्रथम दरबारी बोलावले. राजे खांबांना टांगलेल्या झोपाळ्यावर बसले होते. (हा झोपाळा आमच्या वाचकांना वेगळा समजावून सांगावयास नको.) दुभाष्या फारसीतून बोलू लागला. पाद्रीने तमिळमध्ये बोलण्याची परवानगी मागितली आणि दुभाष्याचे काम तेथेच संपले. पुढे दरबारातील माणसांशी त्यांच्या भाषेत बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला. राजाने धर्म बदलावा अशी त्याची उघड इच्छा होती. राजाने तो बदलला नाही. तरी दोघांचा स्नेह तुटला नाही, आणि आम्हांस या चरित्रातील सर्वांत लक्षणीय गोष्ट हीच वाटते.

त्याच्या शब्दाला किती किंमत होती, हे पुढच्या प्रसंगांवरून दिसते. १७७९ मध्ये मद्रास सरकारने त्याला हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणास पाठविले. इंग्रजांच्या वकिलांवर हैदरचा विश्वास नव्हता, या पाद्रीवर होता. हैदरने वाटखर्चासाठी दिलेली रक्कमही त्याने स्वतःजवळ ठेवली नाही. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले आणि तंजावरच्या किल्ल्यात अन्नान्नदशा झाली. धान्य बाहेरच्या गावांत होते. पण पूर्वी पैसे बुडालेले असल्याने रयत ते आणीना. पाद्रीने पैसे चुकते होतील असा स्वतःचा शब्द दिला, तेव्हा बैल आले आणि धान्य आले. सरकारच्या हुकमाने जे झाले नाही ते एका परदेशी फकिराच्या शब्दाने झाले, हे त्या सरकारला शोभादायक म्हणता येणार नाही.

मग १७८७ साल उजाडले. तुळजाजी अंथरुणास खिळलेले आणि पोटी वारस उरलेला नाही. त्यांनी नऊ वर्षांचे सरफोजी दत्तक घेतले आणि मुलाला पाद्रीच्या हवाली करू पाहिले. त्याने नकार दिला. राजवाड्यातील भाऊबंदकी तो जाणून होता. राजाचे बंधू अमरसिंह यांनी मुलाचा सांभाळ करावा, असा त्याने सल्ला दिला. येथे त्याचा अंदाज चुकला. तुळजाजी वारल्यावर पंडितांनी दत्तक अशास्त्र ठरविले, कंपनीने मान डोलावली आणि अमरसिंह गादीवर बसले. लहानग्या सरफोजींना कोंडून ठेवण्यात आले, त्यांचे शिक्षणही थांबले. तेव्हा हाच म्हातारा पाद्री उठला. त्याने मद्रासला पत्रांवर पत्रे लिहिली आणि दत्तकाचा निकाल पुन्हा तपासावयास लावला. १७९३ मध्ये मुलाला आणि विधवा राण्यांना मद्रासला नेण्यात आले. तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या पाद्रीच्या देखरेखीखाली राजपुत्राचे शिक्षण पुढे चालले.

ज्याच्यासाठी ही खटपट केली त्याचा राज्याभिषेक श्वार्ट्झने पाहिला नाही. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरात त्याचा अंत झाला. सरफोजी गादीवर आले ते त्याच वर्षीच्या जूनमध्ये.

यावर एक आक्षेप निघतो आणि तो खोटा नाही. या पाद्रीने राजाला बाटविले नसेल, पण कंपनीच्या ओंजळीने पाणी पिण्याची सवय त्यानेच लावली, असे म्हणणारे आहेत. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाच्या हाती किल्ल्यापुरता अंमल राहिला. श्वार्ट्झ कंपनीचे वेतन घेत होता आणि तिच्या न्यायबुद्धीवर त्याची नको तितकी श्रद्धा होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण तंजावरचे स्वातंत्र्य त्याच्यामुळे गेले असे आम्ही म्हणणार नाही. १७७३ मध्ये कंपनीची फौज नवाबासाठी तंजावर जिंकून गेली होती, तेव्हा त्याचे वजन ते काय होते?

आणि सरफोजी काही बाहुले नव्हते. सरस्वती महालाचे ग्रंथभांडार त्यांनी वाढविले, देवनागरी छापखाना काढला, आणि १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. याच राजाने लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून आपल्या पाद्रीचे संगमरवरी स्मारक करवून घेतले, समाधीच्या दगडासाठी स्वतः इंग्रजी ओळी रचल्या आणि ख्रिस्ती मुलांसाठी धर्मादाय नेमला. आमच्या इतिहासकारांनी शिलालेख वाचला आणि मिशनऱ्यांच्या चरित्रकारांनी स्मारक पाहिले. दोन्ही एकाच माणसाची कामे आहेत हे मात्र दोघांनीही फारसे मनावर घेतले नाही.

स्मारकात मरणशय्येवरील वृद्धाचा हात राजाने हातात घेतला आहे. आमच्याकडून दक्षिणयात्रेस जाणारी मंडळी बृहदीश्वराचे दर्शन घेतात, ग्रंथालय पाहतात आणि रामेश्वरची गाडी पकडतात. श्वार्ट्झचे ते लहानसे प्रार्थनामंदिर शिवगंगेच्या बागेत, थोरल्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.