चंडीमंडप आणि पक्षकचेरी

ताराशंकर बंदोपाध्याय यांच्या ‘गणदेवता’ या कादंबरीच्या आरंभी गावाची सभा भरते, ती चंडीमंडपात. वर्षाकाठी मिळणाऱ्या धान्याच्या मोबदल्यात गावची कामे करण्याचे लोहार आणि सुतार यांनी नाकारलेले असते आणि त्याचा जाब विचारण्यासाठी गाव जमलेले असते. बलुतेदारीशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. १९४२ साली प्रसिद्ध झालेली आणि १९६६ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराची मानकरी ठरलेली ही कादंबरी एक गोष्ट स्पष्ट करते. बंगालचे जुने खेडे राजकीय पक्षांनी मोडले नाही; ते आधीच आतून मोडू लागले होते. पक्ष आले ते त्या रिकाम्या जागी.

म्हणून चंडीमंडपाच्या आठवणीने गळा काढण्याचे कारण नाही. तेथे देवीची पूजा होई, पाठशाळा भरे, तंटे मिटत आणि गप्पाही रंगत. परंतु तेथे ज्याच्या शब्दाला वजन असे तो जमीनवाला असे. गावाच्या कडेला वेगळ्या पाड्यात राहणारे बागदी आणि बाउरी मंडपाच्या निवाड्याला बांधलेले होते. निवाडा करणाऱ्यांत मात्र ते नव्हते. अशा व्यवस्थेला गावाचे ऐक्य म्हणणे म्हणजे दुर्बळांच्या मौनाला संमती म्हणण्यासारखे आहे.

हे मौन मोडण्याचे श्रेय डाव्या आघाडीला द्यावेच लागेल. १९७७ साली ती सत्तेवर आली आणि १९७८ साली तिने दोन मोठी कामे हाती घेतली. त्रिस्तरीय पंचायतींच्या थेट निवडणुका झाल्या आणि ‘ऑपरेशन बर्गा’ सुरू झाले. बर्गादार म्हणजे बटाईने जमीन कसणारा. त्याचे नाव सरकारी दप्तरात नोंदविण्यासाठी महसूल अधिकारी जमीनमालकाच्या ओसरीवर न बसता संध्याकाळी वस्तीवर जाऊन सभा घेऊ लागले. नव्वदच्या दशकाच्या आरंभापर्यंत सुमारे १४ लाख बर्गादारांची नोंद झाली. मालकाच्या लहरीने जमीन सुटण्याचे भय कमी झाले आणि पिकातील कायदेशीर वाटा मागण्याचे बळ आले. स्वतंत्र भारतात जमीन सुधारणेचे इतके ठोस प्रयोग फार थोडे झाले.

परंतु या मुक्तीची किंमतही होती. मालकाविरुद्ध उभे राहायचे तर कोणाच्या आधाराने, या प्रश्नाला गावात एकच उत्तर होते: पक्षाच्या. हळूहळू भावाभावांची वाटणी, नवराबायकोचे भांडण, नळकूपाची जागा आणि शाळेतील नेमणूक हे सारे पक्षकचेरीत जाऊ लागले. बंगालच्या राजकारणाच्या अभ्यासकांनी यालाच ‘पक्षसमाज’ असे नाव दिले आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. पक्ष असतात, पण पॅनेलच्या पडद्याआड. पश्चिम बंगालमध्ये ग्रामपंचायतीपासूनच पक्षचिन्ह असते. यात प्रामाणिकपणा अधिक आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यामुळे शेजाऱ्याची ओळख आधी त्याच्या झेंड्यावरून होते, हेही तितकेच खरे.

२००६-०७ मध्ये सिंगूर आणि नंदीग्राम येथे हीच यंत्रणा शेतकऱ्याच्या विरोधात उभी राहिली. १४ मार्च २००७ रोजी नंदीग्राममध्ये पोलिसांच्या गोळीबारात १४ जण मरण पावले. २०११ साली सत्तांतर झाले. कचेरीवरचा झेंडा बदलला; कचेरीचे गावातील स्थान बदलले नाही. २०१८ च्या पंचायत निवडणुकांत सुमारे ३४ टक्के जागांवर लढतच झाली नाही. मार्च २०२२ मध्ये बीरभूम जिल्ह्यातील बोगतुई गावात पंचायतीच्या उपप्रधानाच्या खुनानंतर घरे पेटविण्यात आली आणि माणसे जळून मेली. या हिंसेचे कारण बंगाली माणसाच्या स्वभावात शोधणे हा आळस आहे. जेथे निवडणूक हरणे म्हणजे काम, संरक्षण आणि प्रसंगी घरही गमावणे, तेथे निवडणूक रक्तरंजित होणारच.

सणही यातून सुटलेले नाहीत. जमीनदाराच्या वाड्यावरील पूजेऐवजी सर्वांच्या वर्गणीतून पूजा करण्याची ‘बारोयारी’ प्रथा हुगळी जिल्ह्यातील गुप्तीपाड्यात अठराव्या शतकात सुरू झाली, असे मानतात. बारा मित्रांची पूजा ती बारोयारी. तिचा अर्थच असा की देवी कोणा एकाच्या दाराशी बांधलेली नाही. २०१८ पासून राज्य सरकार पूजा मंडळांना अनुदान देऊ लागले. ते तेव्हा १० हजार रुपये होते. २०२५ मध्ये ते १ लाख १० हजारांवर पोहोचले. वर्गणीच्या नावाखाली जबरदस्ती होत असे, हे खरे. पण त्यावर उपाय म्हणून देवीला सरकारच्या दाराशी नेणे म्हणजे जुन्या जमीनदाराच्या जागी नवा बसविणे होय.

पक्ष दूर केले तर जुने धनवान पुन्हा डोके वर काढतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. म्हणून पक्ष हटविणे हा उपाय नव्हे. पक्षाला गावातील अनेक संस्थांपैकी एक करणे हा उपाय आहे. त्यासाठी नवा कायदाही नको. मतदारांची ‘ग्रामसंसद’ वर्षातून दोनदा भरविण्याची तरतूद बंगालच्या कायद्यात आहे. गणसंख्या एकदशांशाची आहे. ही सभा कागदावर न भरता खरोखर भरावी, तेथे खर्चाचा हिशेब मोठ्याने वाचला जावा आणि बागदी पाड्यातील बाईने प्रश्न विचारला तर दुसऱ्या दिवशी तिचे काम बंद पडू नये, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. चंडीमंडपात तिला जागा नव्हती. पक्षकचेरीत जागा मिळाली, ती निष्ठेच्या बदल्यात. काहीही गहाण न ठेवता तिला जेथे बसता येईल अशी जागा बंगालच्या खेड्याला अद्याप निर्माण करायची आहे.