विश्लेषण : विम्याच्या बिलांवरून अपंगत्व मोजता येतं का? ‘एमएस’ रुग्णांसाठी हा प्रश्न का महत्त्वाचा?

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच ‘एमएस’ या आजाराचा वैद्यकीय कोड अमेरिकेत १ ऑक्टोबर २०२५ पासून बदलला. त्याआधी आजार कोणत्याही प्रकारचा असला, तरी विम्याच्या बिलावर ‘जी ३५’ हा एकच कोड लागायचा. आता प्रकारानुसार वेगळे कोड आहेत. मात्र रुग्णाला चालता येतं का, हे नव्या कोडवरूनही कळत नाही. त्यामुळे विम्याचे दावे आणि डॉक्टरांच्या नोंदी यांवरून अपंगत्वाचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न संशोधक करत आहेत. हा अंदाज कसा बांधतात आणि तो कुठे फसतो?

एमएस म्हणजे नेमकं काय?

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या ‘मायलिन’ या आवरणावर हल्ला करते. त्यामुळे संदेशवहन बिघडतं. अंधुक दिसणं, हातापायांना मुंग्या येणं, तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं, प्रचंड थकवा अशी लक्षणं दिसतात. बहुतेकांना हा आजार ऐन कमावत्या वयात गाठतो. २०२० मधल्या अंदाजानुसार जगभरात सुमारे २८ लाख लोकांना एमएस आहे.

अपंगत्व कसं मोजतात?

त्यासाठी ‘ईडीएसएस’ ही मोजपट्टी वापरली जाते. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जॉन कुर्ट्झके यांनी ती १९८३ मध्ये मांडली. तिच्यावर ० ते १० असे गुण असतात आणि ते अर्ध्या-अर्ध्या गुणाने वाढतात. ४ गुण असलेला रुग्ण आधाराशिवाय साधारण ५०० मीटर चालू शकतो. ६ गुणांवर १०० मीटरसाठीही काठीसारखा आधार लागतो, तर ७ गुणांच्या सुमारास व्हीलचेअर येते. अडचण अशी, की हे गुण ठरवायला प्रशिक्षित डॉक्टर आणि सविस्तर तपासणी लागते. रोजच्या ओपीडीत अनेकदा ते नोंदवलेच जात नाहीत.

मग विम्याची माहिती कशाला?

कारण ती लाखो लोकांची आणि अनेक वर्षांची असते. औषधांच्या चाचण्या साधारण दोन-तीन वर्षं चालतात. अपंगत्व मात्र दहा-वीस वर्षांत हळूहळू वाढतं. विम्याच्या माहितीचा उपयोग याआधीही झाला आहे. अमेरिकेत एमएसचे सुमारे ४ लाख रुग्ण असावेत, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विम्याचे दावे तपासले गेले आणि हा आकडा १० लाखांच्या जवळ गेला. वर्षभरात एमएसशी संबंधित किमान तीन दावे असतील, तर ती व्यक्ती रुग्ण, असा निकष त्यात होता.

अपंगत्वाचा अंदाज कसा बांधतात?

माग काढून. काठी, वॉकर किंवा व्हीलचेअरचं बिल असेल, तर चालण्यात अडचण आहे. मूत्राशयाची औषधं किंवा कॅथेटर असेल, तर लघवीवरचा ताबा सुटतो आहे. फिजिओथेरपी, घरी येणारी परिचारिका, वारंवार भरती होणं या गोष्टीही जमेस धरल्या जातात. डॉक्टरांच्या टिपणांतले ‘काठी घेऊन चालतो’ यासारखे उल्लेख संगणकाकडून शोधून घेतले जातात. ज्या रुग्णांचे खरे गुण माहीत आहेत, त्यांच्याशी हा अंदाज ताडून पाहिला जातो.

चूक कुठे होते?

बिलात मिळालेली सेवा दिसते, झालेला त्रास दिसत नाही. दुकानातून रोखीने घेतलेली काठी विम्याच्या नोंदीत येत नाही. पाय मोडला म्हणून घेतलेली व्हीलचेअर मात्र एमएसच्या खात्यावर जमा होऊ शकते. थकवा, विसरभोळेपणा, उन्हात वाढणारा त्रास यांमुळे नोकरी जाते, पण त्यांचं ठळक बिल बनत नाही. ईडीएसएसचाही भर मुख्यतः चालण्यावरच आहे. त्यामुळे मूळ मोजपट्टीतली उणीव अंदाजातही उतरते.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे, ज्याला उपचार परवडत नाहीत, त्याची बिलं कमी असतात. अशा हिशेबात तो ‘ठणठणीत’ ठरतो.

भारतात हे कितपत लागू पडेल?

आपल्याकडे हाच धोका आणखी गडद आहे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी असतात. आयुष्मान भारत योजनेत प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांचं संरक्षण आहे, पण तेही मुख्यतः भरतीसाठीच. एमएसचा बराचसा खर्च मात्र ओपीडी, एमआरआय, रोजच्या गोळ्या आणि फिजिओथेरपी यांवर होतो. तो खिशातून जातो. आई किंवा नवरा हात धरून बाथरूमपर्यंत नेतो, त्याची तर पावतीच नसते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार एमएस हा २१ दिव्यांगत्व प्रकारांपैकी एक आहे. सरकारी नोकरीतलं आरक्षण आणि इतर अनेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते बिलं पाहून नाही, तर वैद्यकीय तपासणीनंतर दिलं जातं. आरोग्याच्या नोंदी वेगाने डिजिटल होत असताना हा फरक टिकणं महत्त्वाचं आहे.

थोडक्यात काय?

हजारो रुग्णांच्या गटात कोणतं औषध अपंगत्व लांबवतं, कोणत्या भागात पुनर्वसनाची सोय हवी, हे शोधायला असे अंदाज उपयोगी आहेत. पण एखाद्या रुग्णाचा दावा, पेन्शन किंवा प्रमाणपत्र केवळ त्यांवर ठरवणं अन्यायाचं होईल. नोंदीत व्हीलचेअर नाही, याचा अर्थ तिची गरज नाही असा होत नाही. कदाचित ती घेण्यापुरते पैसेच नसतील.