राखेविना वास्तववाद

व्हिडिओ गेममधील यंत्रे आता हुबेहूब वास्तव झाली आहेत, असा समज हल्ली रूढ होत आहे. बॉयलर, इंजिन आणि तारांचे गणित जुळले की रसिक 'वास्तववादी' हे विशेषण बहाल करून मोकळे होतात. ज्या संज्ञेवर साहित्याच्या वर्गात आपण तासन्‌तास खर्च करतो, तिचा हा स्वस्त वापर आम्हांला मान्य नाही.

'फॅक्टोरिओ'चेच पाहा. चेक प्रजासत्ताकातील वूब सॉफ्टवेअरचा हा खेळ २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आला. परक्या ग्रहावर अडकलेला खेळाडू कोळसा खणतो, वीज निर्माण करतो, कारखाने उभारतो. त्यातील एक बॉयलर इंधनातून १.८ मेगावॅट ऊर्जा घेतो आणि प्रत्येकी ९०० किलोवॅटची दोन वाफेची इंजिने चालवतो. बेरीज करा : काहीच वाया गेलेले नाही! प्रत्यक्षात कोळशातील ऊर्जेच्या साधारण एकतृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेली उष्णता पाण्यात आणि हवेत जाते. देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. खेळात राख नाही, आणि तळ्याचे पाणी कधी आटत नाही.

आम्ही मारेगावात शिकवतो. शेजारच्या वणी तालुक्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत. त्यांच्या पलीकडे चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणाने तळ गाठला, तेव्हा त्या केंद्रातील संच बंद ठेवावे लागले होते.

तुटवड्याचे चित्रण तर याहून फसवे आहे. खेळात वीज कमी पडली की विजेवरची सारी यंत्रे सारख्याच प्रमाणात मंदावतात. केवढी ही समता! आपल्याकडे भारनियमनाचे वेळापत्रक शहराला एक होते आणि खेड्याला दुसरे. शेतीपंपांच्या वाट्याला वर्षानुवर्षे आळीपाळीने रात्रीची वीज आली. ओलितासाठी शेतकरी ज्या अंधारात शिवार गाठत असे, तो अंधार कोणीतरी ठरवून वाटलेला असे.

'अहो, हा खेळ आहे. सगळेच कसे दाखवणार?' असे कोणी म्हणेल. पण हा खेळ प्रदूषण दाखवतो. धूर त्या ग्रहावरील मूळ जीवांच्या वसाहतींपर्यंत पोहोचला की ते चालून येतात आणि खेळाडू त्यांना ठार करतो. म्हणजे धुराची किंमत मोजणारे या खेळाला दिसतात. फक्त ते किड्यांच्या रूपात आणि शत्रू म्हणून दिसतात. ही तांत्रिक मर्यादा नव्हे, ही भूमिका आहे.

याउलट विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) आठवावी. तिथे धरणाची किंमत मोजणारे विस्थापितच कादंबरीच्या केंद्रस्थानी आहेत. धरणाच्या बांधकामाचा एखादा आकडा तीत चुकला असता, तरी तिच्या वास्तवाला धक्का लागला नसता.

गेमच्या चाहत्यांना दोष देऊन मात्र आपली सुटका नाही. अवजारांची नावे आणि बोलीतले चार शब्द अचूक आले की कादंबरीला 'वास्तववादी' ठरवणारी समीक्षा आपल्याच वर्गांत शिकवली जाते. तपशिलाची अचूकता हे वास्तववादाचे साधन आहे. राख कोणाच्या अंगणात पडते, हे न विचारणारा लेखक कितीही अचूक असला, तरी त्याला वास्तववादी म्हणण्याचे कारण नाही.