अंगण सरळ करणारे काका

मुलांनो, ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण तुम्ही वहीत दहादा लिहिली असेल. पण अंगण खरंच वाकडं असलं तर? याचं उत्तर मला आमच्या गावातल्या लेथवाल्या काकांनी दिलं. त्यांची मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात आहे.

लेथ म्हणजे लोखंड कातायचं यंत्र. एरवी त्यात वस्तू चकमध्ये पकडून गरागरा फिरवतात आणि धारदार टूल ती कातत जातं. वस्तूचं भोक आतून कातून मोठं करायचं, त्याला म्हणतात बोअरिंग.

ऐन मार्चात एका रसवंतीच्या चरकाचं बेअरिंगचं घर झिजलं. बीडाचं, जड, एका बाजूला पाय फुटलेलं. काकांनी ते कसंबसं चकमध्ये धरलं, लांब दांड्याच्या टोकाला टूल लावून भोक कातलं आणि त्यात नवा बुश बसवला. दोन दिवसांत रसवंतीवाला परत! बुश सैल झालेला. “चार महिन्यांचाच धंदा आहे हो माझा,” तो काकुळतीला आला.

काकांनी भोकात बोट फिरवलं. आत नुसत्या लाटाच लाटा! दांडा थरथरला होता. “चूक माझी. पैसे नकोत. उद्या संध्याकाळी न्या,” ते म्हणाले.

दांडा का थरथरला? घरी करून बघा. पट्टी टेबलाच्या कडेबाहेर दहा सेंटिमीटर काढा, मागचं टोक घट्ट दाबा आणि पुढच्या टोकावर खोडरबर ठेवा. आता वीस सेंटिमीटर काढा. लांबी दुप्पट झाली, की तेवढ्याच वजनाने टोक आठपट खाली जातं! मग पट्टीची दोन्ही टोकं दोन पुस्तकांवर टेकवा आणि रबर मध्ये ठेवा. वाकते का फारशी?

काकांनी हेच केलं. जाड दांडा घेतला, त्याची दोन्ही टोकं लेथच्या दोन सेंटरमध्ये धरली आणि दांड्याच्या मधोमध टूल बसवलं. आता फिरणार दांडा, वस्तू नाही! वस्तू दांड्याभोवती राहून नुसती पुढे सरकणार. पण तिला धरायचं कशात? तसं फिक्चर बाजारात मिळेना. मग त्यांनी जाड लोखंडी पाट घेतला, टूल पुढे नेणाऱ्या सरकत्या भागावर नटबोल्टने आवळला, भोक बरोबर सेंटरच्या उंचीला येईल एवढ्या जाडीच्या पट्ट्या घराच्या पायाखाली घातल्या आणि वरून क्लॅम्प लावले. दांड्याला एक टोकदार तार बांधून तो हाताने फिरवला. भोकाच्या न झिजलेल्या कडेपासून तार सगळीकडे सारख्याच अंतरावर येईपर्यंत घर हलवत राहिले. यातच सकाळ गेली. कातायला मात्र तासभरच लागला! भोक जरासं मोठं झालं, म्हणून बुशही नवा, जाड केला.

ही युक्ती फार जुनी बरं का! जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाला नीट गोल सिलिंडर मिळत नव्हता, फटीतून वाफ निसटायची. 1775 साली इंग्लंडमधल्या जॉन विल्किन्सनने सिलिंडर जागच्या जागी पक्का धरला, दांडा त्याच्या आरपार घातला आणि त्याला दोन्ही टोकांना आधार दिला. 1776 मध्ये वॅटची इंजिनं कामाला लागली.

“काका, एका भोकासाठी एवढा खटाटोप?” मी विचारलं. ते हसले. “बाई, अंगण वाकडं म्हणून रडण्यापेक्षा आधी अंगण सरळ करावं. मग नाचायला कितीसा वेळ लागतो?”

संध्याकाळी चरक घुंगरं वाजवत फिरू लागला. पहिला ग्लास काकांच्या मुलीला मिळाला!

आता सांगा, तुमचं अक्षर वाकडं येतं ना, तेव्हा वही कशी ठेवलेली असते? आज जरा बघा.