लायगो-इंडिया, तुमचा फोन आणि एक प्रश्न: ‘रूट’ कुठून घ्यायचा?

लायगो-इंडियाची बातमी आली की आमच्या हिंगोलीत चर्चा दोनच गोष्टींची: २,६०० कोटी आणि कृष्णविवरं. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेला हा प्रकल्प औंढा नागनाथजवळ होतोय. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मला वेगळाच प्रश्न पडतो. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या टोकाला असलेला कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तर?

मशीन चालू केलं की बूटलोडर कर्नलला मेमरीत आणतो आणि सांगतो, ‘रूट फाइलसिस्टीम अमुक ठिकाणी आहे.’ ती सापडली नाही तर कर्नल तिथेच हात टेकतो.

अमेरिकेतल्या लायगोमध्ये उपकरणं नियंत्रित करणाऱ्या फ्रंट-एंड कॉम्प्युटरना डिस्कच नाही. ते नेटवर्कवरून बूट होतात, रूट सर्व्हरवरून घेतात. त्यामुळे डिस्क खराब व्हायची भीती नाही आणि अपडेटही एकाच जागी. पण सर्व्हरवरचा रूट बिघडला तर सगळेच अडकतात. म्हणजे चालणारी जुनी प्रत जपावीच लागते.

अनेक अँड्रॉइड फोनमध्ये हेच तत्त्व आहे. अँड्रॉइड ७ पासून आलेल्या ए/बी पद्धतीत सिस्टीमचे दोन स्लॉट असतात. तुम्ही रील बघत असता तेव्हा अपडेट रिकाम्या स्लॉटमध्ये भरतं. नवा स्लॉट उठला नाही, तर बूटलोडर जुन्यावर परततो.

मी हा धडा शेतात शिकलो. मोटारीसाठी लिनक्सचा छोटा बोर्ड लावला होता, रूट एकच. अपडेट चालू असताना लाईट गेली आणि बोर्ड उठलाच नाही. रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागलं. मग दोन रूट पार्टिशन केली आणि यू-बूटमध्ये ‘बूटकाउंट’ लावला. प्रत्येक बूटला आकडा वाढतो, मर्यादा ओलांडली की दुसरं पार्टिशन चालू होतं. एक गोष्ट मात्र विसरू नका: सिस्टीम नीट उठल्यावर तो आकडा शून्य करायचं काम आपलं. नाहीतर चांगली सिस्टीमही एक दिवस नापास ठरते.

लायगो सुरू होईल तेव्हा शास्त्रज्ञ लागतीलच, पण मशीन रोज उठती ठेवणारी माणसंही लागतील. ती आपल्याच जिल्ह्यातली का नसावीत? शिकायला एक स्वस्त बोर्ड पुरतो. एक पार्टिशन मुद्दाम बिघडवा आणि बघा, दुसरं आपोआप उठतं का.